ओटीपी न विचारणाऱ्या देशांत

२ मे २०२४, गुरुवार, डोंबिवली

युरोपच्या गटसहलीसाठी मेतकूट, चिवडा, गुडघ्याच्या गोळ्या बांधून झाल्या. आज कार्डांचा नंबर. ताईंचं (ह्यांची थोरली बहीण) क्रेडिट कार्ड ॲपमध्ये उघडून बघितलं, तर परदेशातलं झाडून सगळं चालू. दुकान, एटीएम, ऑनलाइन, टॅप. "बँकेतल्या मुलीनेच करून दिलं. म्हणाली, असू दे, तिकडे अडायला नको." रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमानुसार नवं कार्ड येतं ते फक्त देशातल्या एटीएमपुरतं आणि दुकानातल्या मशीनपुरतं. बाकीचं ज्याने त्याने हवं तेव्हा चालू करायचं. त्या मुलीने एका दमात सगळं करून टाकलं होतं.

ओटीपी आल्याशिवाय पैसे जातच नाहीत, असं ताईंना वाटतं. असं वाटणाऱ्या त्या एकट्या नाहीत. पण ही सक्ती आपल्याकडची. परदेशातल्या कित्येक वेबसाइटवर कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे दिले की खरेदी झाली. फोनवर विचारणा नाही की काही नाही. ज्या कुलपाच्या भरवशावर आपण निर्धास्त झोपतो, ते सीमेपलीकडे लागेलच असं नाही. म्हणून परदेशी ऑनलाइन बंद केलं, दुकान चालू ठेवलं, रोजची मर्यादा पन्नास हजारांवर आणली. "आणि अडलं तर गं?" अडलं तर ॲपमधून मिनिटभरात पुन्हा चालू करता येतं. नाही अडलं तर बंदच राहू दे की.

५ मे, रविवार

भाच्याचा नाशिकहून फोन. सासूसासऱ्यांना केदारनाथला न्यायचंय, मंदिर १० तारखेला उघडतंय, हेलिकॉप्टरची साइट सापडली म्हणे. शोधल्यावर सगळ्यात वर आलेली. वर म्हणजे जाहिरात, पैसे देऊन लावलेली. आणि पैसे कुठे भरायचे, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या कुणाच्या तरी खात्यात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं बुकिंग आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच होतं, हे त्याला सांगितलं. "मावशी, पण फोटो अगदी खरे आहेत." असणारच, खऱ्या साइटवरून उचललेले.

११ मे, शनिवार, पॅरिस

इथे वेटर मशीन टेबलापर्यंत घेऊन येतो. कार्ड आपल्या हातातून सुटत नाही. आपल्याकडे अजून काही हॉटेलांत बिलाच्या फोल्डरमध्ये कार्ड ठेवून ते आत पाठवायची रीत आहे, आणि आपणही बडीशेप चघळत बसतो. आत कुणी दोन्ही बाजूंचे फोटो काढले तर आपल्याला कळायचं कसं?

मेट्रोत खिसेकापूंपासून सावध राहा म्हणून सारख्या घोषणा. टॅपला इथे पन्नास युरोपर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे चोरलेलं कार्ड बंद होईपर्यंत कॉफी-सिगारेटची छान सोय होते. आमच्याकडे एक कार्ड ह्यांच्याजवळ, दुसरं हॉटेलच्या तिजोरीत. बँकेचा मदतीचा नंबर वहीत लिहून ठेवलाय. तो कार्डाच्या पाठीवर छापतात हे ठीक, पण कार्डच गेल्यावर तो वाचायचा कुठून? गटातल्या एकांनी रेडिओ लहरी अडवणारं महागडं पाकीट घेतलंय. माझ्या मते ते पैसे वाया.

संध्याकाळी आयफेल टॉवरच्या छोट्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात मशीनवाला म्हणाला, चिप चालत नाही, काळी पट्टी घासू या. मी रोख दिले. पट्टीवरची माहिती उतरवून नकली कार्ड बनवणं सोपं असतं. चिपचं तसं नाही. ऑगस्ट २०१८मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, त्यातला मोठा भाग नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काढला होता. काही पैसे तर आपल्या कोल्हापुरातूनही निघाले. नोकरी बँकेत झाल्यामुळे त्या आठवड्यातले सहकाऱ्यांचे चेहरे अजून आठवतात.

१४ मे, मंगळवार, ल्युसर्न

घड्याळाच्या दुकानात मशीनने विचारलं, रुपयांत की फ्रँकमध्ये? ह्यांना रुपये बघून माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं, बोट तिकडेच निघालं. मी फ्रँक दाबलं. रुपयांत घेतलं की दर तिथला मशीनवाला लावतो, आणि तो आपल्या सोयीचा नसतो. फ्रँकमध्ये घेतलं तरी आपली बँक बहुतेक कार्डांवर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आणि वर जीएसटी घेतेच, पण ते आधी ठाऊक असतं. याला कायद्याने फसवणूक म्हणत नाहीत. मी म्हणते.

१६ मे, गुरुवार, रोम

रात्री दहाला गटातल्या ठाण्याच्या बाई (निवृत्त शिक्षिका) दारात. मोबाइलवर मेसेज, पावणेदोनशे रुपये, कुठल्या तरी परदेशी साइटचं नाव. "एवढ्याशा रकमेसाठी कशाला त्रास, घरी जाऊन बघू." एवढीशी रक्कमच वाईट. कार्ड जिवंत आहे का हे चोर आधी अशा रकमेने चाचपतात. ॲप उघडून कार्ड बंद करेपर्यंत दुसरा मेसेज, चाळीसएक हजारांचा. ओटीपी ना पहिल्याला, ना दुसऱ्याला.

रात्रीच ॲपवरून तक्रार, शिवाय ईमेल, तक्रारीचा क्रमांक वहीत. फोनवरचा मुलगा म्हणाला, परत आलात की शाखेत या. असं चालत नाही. ६ जुलै २०१७च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार तक्रार घ्यायची सोय बँकेने चोवीस तास ठेवायची असते. चूक बँकेची नाही, आपलीही नाही, तिसऱ्याच कुणाची, अशा प्रकारात मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला दमडीची झळ नाही. चार ते सात दिवस लावले तर पाच लाखांपर्यंतच्या मर्यादेच्या कार्डावर दहा हजारांपर्यंत आपल्या माथी येऊ शकतात. आठवडा उलटला की बँकेचं धोरण म्हणेल ते. बाईंनी घरी परतून कळवलं असतं तरी त्या मुदतीत बसल्या असत्या, पण मधल्या दिवसांत कार्ड उघडं राहिलं असतं.

मात्र पिन किंवा ओटीपी आपणच कुणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. फोनवर गोड बोलणाऱ्यांना हा नियम पाठ असतो.

१९ मे, रविवार, डोंबिवली

उतरलो. दोघांच्याही कार्डांवरचा परदेशी वापर टॅक्सीतच बंद केला. उद्या मतदान.

३१ मे, शुक्रवार

ठाण्याच्या बाईंचा फोन. मध्यंतरी बँकेने त्यांना "त्या दुकानदाराशीच बोला" असं उत्तर पाठवलं होतं. व्यवहार ग्राहकानेच केला हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची असते, त्याच परिपत्रकात आहे. बाईंनी शुद्ध मराठीत तसं लिहून पाठवलं. कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी लागते. २० ला मतदानाची सुट्टी, २३ ला बुद्धपौर्णिमा, चौथा शनिवार, रविवार वगळून ते दहा दिवस आज भरले. आजच दोन्ही रकमा जमा झाल्या. तक्रारीचा निकाल बँकेला ९० दिवसांत लावायचा आहे.