शालीचं देणं

उल्हासनगरात राहून लोकर विणतो असं सांगितलं की आमच्या माहेरची माणसं हसतात. "तिथं कुठली आली थंडी?" हा प्रश्न कराडहूनही येतो आणि लातूरहूनही. आम्ही दोघी जावा. थोरली कराडची, धाकटी लातूरची. कॅम्प पाचमध्ये एका घरात, एका चुलीवर नांदतो. थंडी इथं चार दिवसांच्या पाहुणीसारखी येते हे खरं. पण डिसेंबर-जानेवारीत बदलापूरच्या बाजूनं पहाटे असा गार वारा सुटतो की फजरच्या वुजूचं पाणी बोटांना झोंबतं. वर पत्रा आणि खाली तान्हं मूल असलं की चार दिवससुद्धा पुष्कळ होतात.

आमचं घर जुन्या बरॅकीतलं. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आणून ठेवलं. ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी नव्या गावाची पायाभरणी केली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं. कॅम्प मात्र पाचच्या पाच तसेच राहिले. आजही इथं पत्ता सांगताना आधी कॅम्पाचा आकडा सांगतात, मग बरॅकीचा. गाव धाग्यावर जगणारं. शहाडला रेयॉनचं सूत, कॅम्प दोनच्या गजानन मार्केटात तयार कपडे, आमच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स. आमचे सासरे जीन्सच्या शिलाईसाठीच इथं आले. म्हणजे शेजारी आले ते घर सुटलं म्हणून, आणि आम्ही आलो पोटामागं.

भिंतीला भिंत लागून दादीचं घर होतं. सिंधीत दादी म्हणजे थोरली बहीण, हे आम्हांला फार उशिरा कळलं. मुलं तिला आजी समजूनच दादी म्हणायची आणि तिनंही कधी दुरुस्त केलं नाही. शिकारपूरची. नऊ वर्षांची असताना कराचीहून बोटीनं मुंबईला आली. त्याबद्दल ती फारसं बोलत नसे. पहिली दोन वर्षं तिनं आमच्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. ती कुणाच्या दारातून निघाली होती आणि कुणाच्या भीतीनं, हे न सांगता दोन्हीकडे ठाऊक होतं.

थोरलीला मुलगी झाली तो पावसाळा होता. चाळिसाव्या दिवशी अंघोळीनंतर बाळाला घेऊन ती दारात बसली होती. दादी आली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि पिवळ्या लोकरीचं टोपरं पुढं केलं. "कान ढकना. हवा कान से घुसती है." मग स्वतःच वाकून टोपरं घातलं, हनुवटीखाली नाडी बांधली. अम्मींनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी चहा विचारला. ती थोडी थांबली आणि म्हणाली, "आधा कप." त्या अर्ध्या कपानंतर पाण्याचा प्रश्न कधी निघाला नाही.

विणकाम तिनं आम्हांला शिकवलं. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीला सुलट-उलट येत होतं. मग दोघी दुपारी तिच्याकडे बसू लागलो. नऊ नंबरच्या सुया, चार पदरी लोकर. खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट, म्हणजे ती ताणली जाते आणि पुन्हा अंगाला बसते. बाळाचं माप टेपनं घ्यायचं नाही, विती-बोटांनी घ्यायचं आणि वर दोन बोटं सोडायची, कारण स्वेटर पुरा होईस्तोवर बाळ वाढलेलं असतं. टाका गळला की आम्ही घाबरून किंचाळायचो. दादी क्रोशाची सुई घेऊन खाली पळालेला टाका पायरी पायरीनं वर आणायची.

अम्मींना हे सगळं जरा परकं वाटे. "लोकर मडमांची. आपल्याकडं सुई-दोरा आणि फार तर क्रोशा," असं त्या म्हणत. क्रोशा त्यांच्या हातात होताच. घरातल्या सगळ्या नमाजी टोप्या त्यांच्याच. पाच साखळ्यांचा गोल करून खांब वाढवत न्यायचे, तळहाताएवढी चकती झाली की वाढवणं थांबवायचं, मग कड आपोआप खाली वळते आणि टोपी होते. पुढं मोठीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी वाचताना आम्हांला कळलं की अम्मींचं म्हणणं काही खरं नाही. सुयांवरच्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने हाती आहेत, त्यांत इजिप्तमधले निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे मोजे आहेत, आणि ते तिथल्या मुसलमानी राजवटींच्या काळातले आहेत. स्पेनमध्ये बुर्गोस शहराच्या कडेला लास उएल्गास नावाचा मठ आहे. तिथं फर्नांडो दे ला सेर्दा या राजपुत्राची कबर आहे. तो १२७५ मध्ये वारला. त्याच्याबरोबर कबरीत ठेवलेली रेशमी उशी सुयांवर विणलेली आहे आणि तिच्या कडेला कूफी लिपीत 'बरकत' हा शब्द विणलेला आहे. विणणारे मुसलमान कारागीर असावेत असं जाणकार मानतात. अम्मींना हे वाचून दाखवलं. त्यांना राजपुत्राचं काही वाटलं नाही. "कबरीत उशी?" एवढंच त्यांनी विचारलं. पण दुसऱ्या दिवशी आमची सुई घेऊन उलटा टाका कसा घालतात ते पाहिलं.

मुलांच्या घरात विणायचं म्हणजे ओळीत एकदा तरी उठायचं. मधला तेव्हा चार वर्षांचा. लोकरीची लडी आणली की त्याचे दोन्ही हात पुढं करून तीत अडकवायचे आणि दुसरीनं गुंडा करायचा. तेवढी पाच-सात मिनिटं तो एका जागी असे, म्हणून आम्ही गुंडा मुद्दाम हळू करायचो. मगरिबनंतर मुलं अभ्यासाला बसत, भाकरीचा तवा तापे, आणि भाकरी फुगायच्या आत अर्धी ओळ होई. एकीनं सोडलेली ओळ दुसरीनं उचलायची. त्यामुळं आमच्या स्वेटरांत काही ओळी घट्ट असतात, काही सैल. घट्ट त्या थोरलीच्या.

२०१९ च्या बकरीदला शिरखुर्म्याची वाटी द्यायला आम्ही दादीकडे गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही तिला टाके दिसेनासे झाले होते. सांध्यांमुळं सुई धरवत नव्हती. खांदे दुखतात, थंडीत फार दुखतात, असं म्हणाली. आम्ही दोघी एकदमच बोललो, या थंडीत आम्ही तुम्हांला शाल विणून देतो. तिनं रंग सांगितला, मरून. "वादा?" असं विचारून हसली. आम्ही म्हटलं, वादा.

ते वर्ष ओढीचं होतं. वॉशिंगच्या सांडपाण्यानं वालधुनी नदी निळी-काळी झाली होती आणि त्या प्रश्नावरून जीन्स वॉशिंगचे कारखाने बंद पडले होते. नदीचं खोटं होतं असं आम्ही म्हणणार नाही. तिचा वास आमच्याच मुलांच्या नाकात होता. पण वॉशिंग थांबलं तशी शिलाईही मंदावली, आणि आमच्या घरातली दोन्ही माणसं मिळेल ते नगावरचं काम करू लागली. शालीची लोकर आम्ही दोनदा करून आणली. जानेवारीत शाल दीड हात झाली होती.

धाकटीची मुलगी ऑक्टोबरमध्ये झालेली. तिची छाती भरली. डॉक्टरांनी औषध दिलं आणि ऊब ठेवा म्हणून सांगितलं. थोरल्या मुलांचे स्वेटर कधीच नात्यात वाटून झाले होते. खरं सांगायचं तर दोनशे रुपयांत तयार स्वेटर मिळत होता आणि ओढून-ताणून तेवढे निघालेही असते. पण लोकर घरात होती. दादीची शाल थांबू शकते, असं आम्ही ठरवलं. ते ठरवायला आम्हांला एक कप चहा पुरला.

रात्री मुलं झोपल्यावर आम्ही शाल उसवली. पाच महिन्यांचं काम उसवायला एक तासही लागला नाही. उसवलेली लोकर नागमोडी होते, तिला जुन्या टाक्यांची वळणं राहतात. ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, कोमट पाण्यात बुडवली आणि खाली वजन बांधून वाळत टाकली. तिसऱ्या दिवशी विणायला घेतलं आणि आठवड्यात बाळाचं जाकीट झालं.

त्याच आठवड्यात मोठी मकतबातून आली आणि वाळत पडलेल्या लडीकडे बघत राहिली. त्या दिवशी उस्तानींनी सूरह नहलमधली ब्याण्णवावी आयत समजावली होती. तिच्यात एका बाईचा दाखला आहे. ती मेहनतीनं सूत कातते, पीळ भरून पक्कं करते आणि मग आपल्याच हातानं ते तोडून टाकते. तिच्यासारखं होऊ नये असं सांगितलंय. मोठीनं विचारलं, "अम्मी, तुम्हीपण तेच केलं ना?" आम्ही म्हटलं, तिनं वाया घालवलं, आम्ही पुन्हा विणलं. मोठीचं समाधान झालं. आमचं झालं नाही. कारण ती आयत सुताबद्दल नाही. तिच्या आधीची आयत दिलेला शब्द पाळण्याबद्दल आहे, आणि हा दाखला शब्द मोडणाऱ्यांसाठी आहे. लोकर आम्ही पुन्हा विणली होती. शब्द उसवलेलाच होता.

जाकीट घालून बाळाला बाहेर आणायला आम्ही दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी दादी आपणहून आली. बाळाला मांडीवर घेतलं. रंग तिनं ओळखला. अंधूक दिसत असलं तरी मरून तिनंच निवडला होता. आम्ही काहीतरी बोलणार होतो. तिनं जाकिटाच्या गळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "गला तंग है. दो टांके और रखने थे." मग बाळाचे कान झाकले आणि चहा मागितला.

पुढच्या थंडीत नक्की, असं आम्ही मनाशी म्हटलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. २०२० ची थंडी मास्क शिवण्यात गेली, कारण त्याचेच पैसे मिळत होते. एप्रिल २०२१ मध्ये दादीला करोना झाला. तिला न्यायला गाडी आली तेव्हा आम्ही दारात उभ्या होतो. जवळ जायची सोय नव्हती. ती घरी परत आली नाही. त्र्याऐंशी वर्षांची होती.

आता ते बाळ शाळेत जातं. जाकीट पेटीच्या तळाशी होतं. लहान झालेला कपडा दुसऱ्या मुलाला देण्याची आमची रीत, पण हे आम्ही कुणाला दिलं नव्हतं. गेल्या थंडीच्या आधी दादीच्या नातवाला मुलगा झाला. बातमी ऐकून अम्मी म्हणाल्या, मयताचं देणं राहिलं असेल तर ते वारसांकडे पोचवायचं असतं. त्यांना शालीचं ठाऊक होतं, हे तेव्हा आम्हांला कळलं. इतकी वर्षं त्याही काही बोलल्या नव्हत्या.

जाकीट पुन्हा उसवलं. या वेळी लडी मोठीनं धुतली. तान्ह्याच्या शालीला ती लोकर पुरत नव्हती, म्हणून शालीची उरलेली होती ती जोडली. उसवलेली थोडी विटलेली आणि कोरी गडद, असे दोन मरून एकाच शालीत आले. मोठी आता चौदा वर्षांची आहे. मधल्या ओळी तिच्या आहेत, आणि त्या आम्हां दोघींपेक्षा एकसारख्या आहेत.

शाल देताना दादीच्या सुनेला आम्ही सगळं सांगितलं. शब्द कधी दिला, कधी मोडला, कशासाठी मोडला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, सासूबाईंनी ते त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं होतं, आणि बाळाचा खोकला थांबला का, एवढं रोज विचारायला सांगितलं होतं. तिनं ते तेव्हा रोज विचारलंही होतं. आम्हांला वाटलं होतं, शेजारधर्म म्हणून विचारते.