पुन्हा बसावं का?

मंडळी, बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. दोन-तीन नातेवाइकांचे फोनही आले, "तब्येत बरी आहे ना?" म्हणून. तब्येत ठणठणीत आहे. डोकं मात्र दिवाळीपासून (२०२५ची) एकाच प्रश्नात अडकलं होतं, आणि तो प्रश्नही माझा नव्हे, न्यू जर्सीतल्या नातीचा. मेडिकलला ती पुन्हा अर्ज करणार हे नक्की. पण त्याआधी प्रवेश परीक्षेला पुन्हा बसायचं का? तिला विचारूनच लिहिते आहे, काळजी नसावी.

तिकडे आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल. त्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते ती एमकॅट. चार विभाग, प्रत्येकात कमीत कमी ११८ आणि जास्तीत जास्त १३२ गुण. म्हणजे एकूण ४७२ ते ५२८. शून्यापासून मोजायला यांचं काय जातं, कोण जाणे! नातीला एप्रिल २०२४ मध्ये ५११ मिळाले. तीन विभागांत १२९ आणि एकात १२४. ज्यांना प्रवेश मिळतो त्यांची सरासरीही ५११-५१२च्या आसपासच असते. तरी हिला मिळाला नाही. दोन कॉलेजांनी मुलाखतीला बोलावलं, एकाने प्रतीक्षा यादीत ठेवलं, आणि २०२५च्या उन्हाळ्यात ती यादीही संपली. तिथे दरवर्षी पन्नास हजारांहून जास्त मुलं अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास आत जातात, तेव्हा हात हलवत परतणारी ती एकटी नाही. पण हे आकडे सांगून रडणारं पोर गप्प होत नाही.

जावयांचं उत्तर तयार होतं. "बसायचं. सहा महिने क्लास लावायचा, ५१८ काढायचे." जावई इथे शिकलेले, आणि इथल्या हिशेबाने त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे हा प्रश्न पडतच नाही मुळी. नीटचे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरते. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करायचा तर पुन्हा बसावंच लागतं. ७२० पैकी किती आणि यादीत कितवा, विषय संपला. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं लातूरला खोल्या घेऊन रिपीटरच्या बॅचला बसलेली मी पाहिली आहेत. तिथे "पुन्हा बसू का?" असं एखादा विचारतो तेव्हा त्याला "सोडून देऊ का?" असंच विचारायचं असतं.

तिकडे गुण असे वर्षात मरत नाहीत. बहुतेक कॉलेजांत दोन-तीन वर्षं चालतात. आणि गंमत म्हणजे पुन्हा बसलं तर जुने पुसले जात नाहीत, दोन्ही समोर दिसतात. कुणी त्यातले चांगले धरतं, कुणी शेवटचे. म्हणजे ५११चे ५०८ झाले तर तेही कपाळावर. परीक्षा घेणारी संस्था स्वतःच सांगते की पुन्हा बसणाऱ्यांचे गुण साधारणपणे दोन-तीनने वाढतात. शिवाय निकालपत्रावरच छापलेलं असतं की एकूण गुण दोन इकडे, दोन तिकडे धरा. म्हणजे ५११ याचा अर्थ ५०९ ते ५१३ मधलं काहीतरी! मी इतकी वर्षं बोर्डाचे पेपर तपासले. पस्तीसला पास आणि चौतीसला नापास. चौतीस म्हणजे बत्तीस ते छत्तीस, असं आम्ही कधी कुणाच्या गुणपत्रिकेवर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं की नाही, हा निराळा लेख होईल. असो.

आता तो १२४चा विभाग. नऊ उतारे, त्रेपन्न प्रश्न, नव्वद मिनिटं. तत्त्वज्ञान, कला, इतिहास, कशावरही उतारा येतो, आणि बाहेरची माहिती काही लागत नाही. जे आहे ते उताऱ्यातच. हे ऐकल्यावर मी उडालेच. अगं, हा तर आपला अपठित उतारा! तेहेतीस वर्षं हेच शिकवलं मी.

मग दर रविवारी फोनवर आमचा तास सुरू झाला. ती उतारा मराठीत सांगायची (तिचं मराठी ऐकण्यासारखं असतं), मी प्रश्न विचारायचे. दोन रविवारांत दुखणं सापडलं. जगात खरं असलेलं, पण उताऱ्यात नसलेलं उत्तर ती निवडते. हा हुशार मुलांचा रोग आहे. माझ्या वर्गातही पहिल्या बाकावरच्यांनाच व्हायचा. लेखक काय म्हणतो ते ऐकण्याआधीच त्यांना उत्तर येत असतं. त्यावर औषध एकच, उतारा वाचून झाकायचा आणि लेखकाला काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांगायचं. रोज. क्लास लावून हे लवकर होत नाही, महिने लागतात.

पण खरा प्रश्न निराळाच होता. गुणांमुळे अडलं का? तिला नाकारणाऱ्या एका कॉलेजाने विचारल्यावर फोनवर कारणं सांगितली. (आपल्याकडे विचारून बघा!) पहिलं, अर्ज उशिरा आला. तिकडे मेअखेरीपासून अर्ज घेतात आणि जसे येतील तसे पाहतात. हिने एका प्राध्यापकांच्या शिफारसपत्राची वाट पाहत ऑगस्टअखेरीस पाठवला. दुसरं, रुग्णांजवळ काम केल्याचा अनुभव थोडा. आणि तिसरं, जाता जाता, "वाचनाचा विभाग जरा कमी." झालं! जावयांनी तेवढं तिसरंच ऐकलं.

दुसऱ्या कारणावर तिने आधीच काम सुरू केलं होतं. जुलै २०२५ पासून ती एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात डॉक्टरांच्या नोंदी लिहिते, बहुतेक रात्रपाळीला. शेवटी तिने स्वतःच अट घातली. तीन सराव परीक्षा, पूर्ण साडेसात तासांच्या. त्यातल्या दोनमध्ये वाचनाला १२७ आले आणि बाकीचे घसरले नाहीत, तर बसायचं. आले १२५, १२७, १२५.

मला विचाराल तर मी बसले असते. १२४ वरून १२७ एकदा तरी दिसले, म्हणजे गाडी हलली आहे, मेपर्यंत अजून पुढे गेली असती. तसं मी म्हटलंही. ती म्हणाली, "आजी, मेमध्ये बसले तर निकाल जूनमध्ये. म्हणजे कॉलेजं माझा अर्ज पुन्हा उशिराच बघणार. आणि अभ्यासासाठी रात्रपाळी सोडावी लागेल. दोन गुणांसाठी पेशंट सोडू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जावयांकडे होतं, पण लेकीने त्यांना आत नेलं.

तर ती बसणार नाही. अर्ज मात्र जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणार, शिफारसपत्रं आत्ताच मागवली आहेत. काही कॉलेजं विचारतात, मागच्या अर्जापासून तुमच्यात काय बदललं? त्या निबंधाचा पहिला खर्डा तिने मला पाठवला, लेकीने बसून समजावून सांगितला. पहिल्या परिच्छेदात लहानपणापासून डॉक्टर व्हायचं होतं वगैरे आहे. दुसऱ्यात पहाटे तीन वाजता आलेले एक आजोबा आहेत, ज्यांना नाव सोडून काही सांगता येत नव्हतं. पहिला परिच्छेद खोडून आजोबांपासून सुरुवात कर, असं मी कळवलं आहे. अजून तिने खोडलेला नाही.