आमचा मनोरा नेमका कुठे आहे?

सामुदायिक रेडिओ काढायचा म्हटलं की गावात चर्चा रंगते ती स्टुडिओची, ओव्या-गाण्यांची आणि कुणाचा आवाज गोड आहे याची. माझ्या वाट्याला आलेल्या कामात यातलं काहीच नव्हतं. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून मी निवृत्त झालो आणि सांगोल्याजवळच्या आमच्या गावी राहायला आलो. तिथे बचत गटांच्या बायकांनी चालवलेली एक संस्था रेडिओसाठी अर्ज करण्याच्या खटपटीत होती. संस्थेच्या अध्यक्ष ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "सर, यंत्राचं तेवढं तुम्ही बघा." यंत्राचं म्हणजे ट्रान्समीटरचं, असं समजून मी होकार दिला. प्रत्यक्षात कितीतरी दिवस मी एकाच प्रश्नाच्या मागे होतो: मनोरा नेमका कुठे उभा राहणार?

हा प्रश्न एवढा मोठा का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं बाळगणंही गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे 1933 मध्ये झाला. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिनतारी लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निकाल दिला आणि सरकारची मक्तेदारी सैल झाली. आधी शिक्षणसंस्थांना आणि 2006 च्या धोरणानंतर आमच्यासारख्या स्वयंसेवी संस्थांनाही स्वतःचं केंद्र काढता येऊ लागलं. त्याला मर्यादा मात्र आखून दिलेल्या होत्या. प्रक्षेपणाची परिणामी शक्ती सर्वसाधारणपणे 100 वॅटपर्यंत, अँटेना जमिनीपासून 30 मीटरपेक्षा उंच नको, आणि मनोरा ज्यांच्यासाठी केंद्र काढायचं त्याच लोकांच्या परिसरात हवा.

केंद्र चालवायची परवानगी माहिती व प्रसारण मंत्रालय देतं. पण कोणत्या वारंवारतेवर बोलायचं आणि कुठून बोलायचं, हे दूरसंचार खात्याच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन विंगच्या अखत्यारीत येतं. जागेची छाननी 'सॅक्फा' नावाची स्थायी समिती करते. तिच्यावर सैन्यदलं, विमानतळ प्राधिकरण, रेल्वे, अंतराळ विभाग अशा बिनतारी लहरी वापरणाऱ्या सगळ्यांचे प्रतिनिधी असतात. म्हणजे आमच्या माळावरचा एक लोखंडी खांब या सगळ्यांच्या टेबलांवरून जाणार होता, आणि त्यांच्यापैकी कुणीही आमचा माळ पाहायला येणार नव्हतं. त्यांच्यासाठी तो माळ म्हणजे कागदावरचे आकडेच: अक्षांश, रेखांश, जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि मनोऱ्याची जमिनीपासूनची उंची.

आमच्याकडे या प्रश्नाची उत्तरं भरपूर होती. गावाच्या लेखी ती जागा म्हणजे 'बिरोबाच्या माळाच्या अंगाला, नानांच्या डाळिंबाच्या वर'. तलाठ्याच्या लेखी गट नंबर. सातबारा होता, जागा वापरायला देण्याचा ग्रामपंचायतीचा ठराव होता, जागामालक नानांचं संमतिपत्र होतं. पण सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, पीक असतं, बोजा असतो. पृथ्वीच्या पाठीवर ती जमीन कुठे आहे, हे त्यात कुठेच नसतं. दिल्लीला हवं होतं नेमकं तेच.

फाइल तयार करायचं काम संस्थेने एका सल्लागाराला दिलं होतं. त्याचा माणूस येऊन मोबाइलवर आकडे टिपून गेला आणि अर्जाचा मसुदा आला. बघायला सगळं नीटनेटकं होतं. आमच्याकडे आयटीआय झालेला एक तरुण ध्वनिमुद्रणासाठी नुकताच रुजू झाला होता. मसुद्यातले अक्षांश-रेखांश त्याने सहज उपग्रह नकाशावर टाकून पाहिले आणि मला हाक मारली. "सर, आपला मनोरा पंढरपुरात गेलाय."

खरंच गेला होता. मोबाइलवर आकडे दशांशात दिसत होते: अक्षांश 17.41, रेखांश 75.20. अर्जात मात्र अंश, मिनिटं आणि सेकंद असे वेगळे रकाने होते. लिहिणाऱ्याने दशांश चिन्हानंतरचे आकडे जसेच्या तसे मिनिटांच्या रकान्यात उतरवले. 17.41 अंश म्हणजे 17 अंश 24 मिनिटं 36 सेकंद. कागदावर झाले 17 अंश 41 मिनिटं. 75.20 अंश म्हणजे 75 अंश 12 मिनिटं. कागदावर झाली 20 मिनिटं. एका अंशात शंभर नव्हे, साठ मिनिटं असतात, एवढीच गोष्ट. पण तेवढ्याने आमचा मनोरा सुमारे तीस किलोमीटर उत्तरेला आणि चौदा किलोमीटर पूर्वेला सरकला. पाऊल न उचलता आमची वारी झाली, म्हणून ऑफिसात सगळे हसले. मला मात्र पुढचं दिसत होतं. हा अर्ज असाच गेला असता, तर त्या बिंदूची तपासणी होऊन कदाचित मंजुरीही मिळाली असती. ती मंजुरी पंढरपुरातल्या, अस्तित्वातच नसलेल्या मनोऱ्याची ठरली असती आणि माळावरचा खरा मनोरा बेकायदा.

मग मी जागेवर जाऊन स्वतः मोजायचं ठरवलं. आमच्या अक्षांशावर एक सेकंद म्हणजे जमिनीवर जवळपास तीस मीटर. म्हणजे सेकंदसुद्धा पूर्णांकात लिहून भागत नाही, दशांशापर्यंत जावं लागतं. भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक अण्णा सोबत आले. आयुष्यभर मोजण्या केलेला माणूस. त्यांनी येतानाच भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा गुंडाळून आणला होता. मी हातातला मोबाइल पुढे करून म्हटलं, "अण्णा, उंचीसुद्धा यातच कळते." त्यांनी आकडा पाहिला, नकाशा पसरला, समोच्च रेषांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. मोबाइल 440 मीटर दाखवत होता. नकाशात आमची जागा 500 आणि 520 च्या रेषांमध्ये पडत होती.

या फरकाचं कारण मोठं रंजक आहे. उपग्रहावरून मिळणारी उंची मुळात पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते. समुद्रसपाटी त्या आकाराला चिकटून राहत नाही. गुरुत्वाकर्षणाच्या कमी-जास्तपणामुळे ती कुठे वर असते, कुठे खाली. भारतीय उपखंडाच्या दक्षिण भागात ती बरीच खाली आहे, आमच्याकडे साठ मीटरांहूनही जास्त. काही उपकरणं हा फरक वजा करून दाखवतात, काही करत नाहीत. माझा मोबाइल करत नव्हता. यातला धोका असा की हा फरक आपला मनोरा प्रत्यक्षाहून ठेंगणा दाखवतो. तीस मीटरांच्या मनोऱ्याचा हिशेब करताना साठ मीटर गायब झाले, तर विमानांच्या मार्गातल्या अडथळ्यांची तपासणी करणाऱ्याच्या दृष्टीने आमचा अख्खा मनोराच जमिनीत गाडला गेला. अण्णांनी आणखी एक सूचना केली. सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या संदर्भावर बेतलेले आहेत, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-84 या संदर्भावर चालतं. एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर तसेच टाकले की जागा सरकते. म्हणून कोणता संदर्भ वापरला तेही कागदावर लिहायचं. हे मी कधी कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

गावात कुजबुज सुरू झाली होती. विमानतळ सोलापूरला, ऐंशी किलोमीटरवर; मग एवढी मापं कशाला? ग्रामसभेत मला उभं केलं तेव्हा मी फळ्यावर साधं गणित मांडलं. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि विमानांना दिशा दाखवणाऱ्या उपकरणांचा पट्टा तिथूनच सुरू होऊन 118 च्या आसपास जातो. दोन प्रक्षेपक जवळजवळ असले तर त्यांच्या लहरी यंत्रात मिसळून तिसरीच वारंवारता तयार होऊ शकते. समजा आपण 90.4 वर आहोत आणि शेजारी दुसरा कुणी 101.2 वर. त्याच्या दुपटीतून आपली वजा केली की उरतात 112. आपण बोलत होतो डाळिंबावरच्या तेल्या रोगावर, आणि आवाज उमटला वैमानिकाच्या उपकरणात. हा शेजार आहे की नाही हे कळायला दोघांचीही जागा कुठेतरी नोंदलेली असावी लागते. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी रेल्वे आपल्या तालुक्यातूनच जाते, तिचेही बिनतारी संच आहेत. सगळ्यांनी आपापला बिंदू खरा सांगितला तरच कुणी कुणाच्या आड येणार नाही.

मागून एक म्हातारे आजोबा म्हणाले, "म्हंजी शेजाऱ्याचा बांध कोरायचा न्हाई, असंच की." याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. बांधावरून कोर्टात गेलेली घरं आमच्या गावात काय कमी आहेत? त्यानंतर मापाविषयी कुणी प्रश्न केला नाही.

प्रश्न आला तो दुसऱ्याच बाजूने. जागेची मंजुरी हातात पडल्यावर पायाचं काम काढलं, तर नानांच्या भावकीत त्या गटावरून कुरबुर सुरू झाली. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पलीकडच्या पडीक तुकड्यात घ्या की मनोरा. तीनशे मीटरचा तर फरक. आवाजाला काय कळतंय?" आवाजाला कळत नव्हतं हे खरं, कदाचित पलीकडून तो दोन वाड्यांवर अधिक चांगला पोचलाही असता. पण मंजुरी संस्थेच्या नावाइतकीच त्या बिंदूची होती. जागा बदलली की छाननी पहिल्यापासून. ताईंनी भावकीतल्या सगळ्यांना बसवलं आणि बचत गटातल्या त्यांच्याच बायकांकडून बोलणं करवून घेतलं. मनोरा ठरल्या जागी उभा राहिला. तो उभा राहिल्यावर पायथ्याशी मोजलेले आणि कागदावरचे आकडे पुन्हा जुळवून पाहिले, आणि मगच चालवण्याचा परवाना घेऊन ट्रान्समीटर सुरू केला. पहिल्या दिवसाचं कौतुक वर्तमानपत्रांत छापून आलं, ते इथे सांगत नाही.

नोंदीचा दुसरा अर्थ मला पुढे यात्रेच्या दिवसांत कळला. माळाच्या एका अंगाच्या वस्त्यांवरून तक्रारी आल्या की आमच्या कार्यक्रमात मधेच घरघर येते, कुणाची तरी कॅसेट वाजते. शोध घेतला तेव्हा यात्रेत आलेल्या एका व्यावसायिकाने जाहिरातीसाठी एक स्वस्तातला एफएम ट्रान्समीटर लावलेला सापडला. त्याचा ना परवाना होता ना कुठे नोंद. आम्ही भांडायला गेलो नाही. आमचा परवाना, त्यावरची वारंवारता आणि जागेची मंजुरी समोर ठेवली. त्याने यंत्र बंद केलं. नसतं केलं, तर तक्रार कुणाकडे करायची तेही आम्हाला माहीत होतं आणि तक्रारीला आधारही होता. ज्याचा बिंदू नोंदलेला असतो त्याचीच तक्रार ऐकून घेतली जाते. एरवी आम्हीही त्याच्यासारखेच, हवेत ओरडणारे कुणीतरी.

म्हणून ही नोंदणी म्हणजे सरकारी कटकट, असं कुणी म्हटलं तर मी मानत नाही. लहरी सगळ्यांच्या मालकीच्या आहेत हे न्यायालयाने सांगितलं. ती मालकी प्रत्यक्षात उतरते ती अशा रकान्यांमधूनच, प्रत्येकाने आपण कुठे उभे आहोत हे खरं लिहिल्यामुळे. तारयंत्राचा आणि बिनतारीचा जुना कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला, अर्ज आता सरल संचार पोर्टलवर घरबसल्या भरता येतात. पण रकान्यातला आकडा खरा असण्याची जबाबदारी पोर्टल घेत नाही.

ज्या संस्था केंद्र काढायच्या विचारात आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. ट्रान्समीटरची दरपत्रकं मागवण्याआधी ठरलेल्या जागेवर जाऊन उभे राहा. अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि सेकंदांत स्वतः लिहा, आणि दुसऱ्या माणसाकडून ते नकाशावर उलटे तपासून घ्या. उंची मोबाइलवरून उचलू नका. सर्वेक्षणाच्या नकाशावरून किंवा जाणत्या मोजणीदाराकडून घ्या. जागेचा वाद, भावकी, रस्ता, वीज हे सगळं अर्जाआधी मिटवा, कारण अर्जानंतर मनोरा हलवता येत नाही. आणि सल्लागार कितीही हुशार असला तरी सही करणाऱ्याने ते आकडे स्वतः वाचल्याशिवाय सही करू नये.