सुट्टीत उभी राहिलेली मोटारसायकल

संपादक मंडळाने आमच्याकडे इतिहासविषयक लेख मागितला होता. आम्ही मोटारसायकलच्या बॅटरीवर लिहीत आहोत याचे त्यांना नवल वाटेल. परंतु निवासी शाळेचा अर्धा कारभार दुचाकीवर चालतो, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. भाजीपाला, टपाल, परीक्षेची कागदपत्रे आणि रात्री-अपरात्री आजारी पडणारी मुले, सारे तिच्यावरच. शिवाय इतिहास अगदीच सुटलेला नाही. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली. आपल्या बहुतेक गाड्यांच्या सीटखाली आजही तिचीच वंशज बसलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची एक रात्र काही माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. आठवीतल्या एका मुलाला विंचू चावला. वसतिगृहाची गाडी तीन आठवडे शेडमध्ये उभी होती. बटण दाबले की नुसती कटकट. दिवा पिवळा पडून विझे. त्या गाडीला किकही नव्हती. अखेर दहावीच्या मुलांनी ती फाटकाकडच्या उतारावर ढकलली, अधीक्षकांनी दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला आणि इंजिन बोलले. मुलगा वेळेत ग्रामीण रुग्णालयात पोहोचला. आज तो दोन लेकरांचा बाप आहे.

ती गाडी कार्बोरेटरची होती, म्हणून निभावले. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत पेट्रोल इंजिनात फवारण्याचे काम विजेवर चालणाऱ्या पंपाकडे गेले. बॅटरी पुरती बसली असेल तर पंप चालत नाही. मग दहावीचा अख्खा वर्ग ढकलायला लागला तरी गाडी सुरू होण्याची आशा फारशी नसते. बॅटरीची काळजी ही पूर्वी सोय होती, आता ती गरज झाली आहे.

उभ्या गाडीची बॅटरी का उतरते, हे मुले आम्हाला नेहमी विचारतात. आतील शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लात बुडालेले असतात. वीज खर्च होताना त्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो. चार्ज करताना तो विरघळून जातो. गाडी वापरली नाही तरी ही झीज मंदगतीने चालूच राहते आणि मे महिन्याच्या उन्हात तिचा वेग वाढतो. घड्याळ, अलार्म यांसारखी उपकरणेही थोडीथोडी वीज पीत असतात. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर सल्फेटचे स्फटिक मोठे व कठीण होतात, मग चार्जरलाही दाद देत नाहीत. बॅटरी मरते ती बहुधा वापराने नव्हे, रिकामी पडून राहिल्याने.

आमच्या वसतिगृहात आता दर शनिवारी आठवीची मुले मल्टिमीटर लावून आकडा वहीत नोंदवतात. गाडी काही तास बंद असताना १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या खाली गेली की त्याच दिवशी चार्जर. चार्जर दुचाकीचाच हवा. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर पुरे. मोटारीच्या चार्जरने ती तापून बिघडते. दुकानापर्यंत दोन किलोमीटर जाऊन आल्याने स्टार्टरने घेतलेलीही वीज पुरती भरून येत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग फेरी हवी. लांब सुट्टीवर जाताना बॅटरी पूर्ण भरावी आणि ऋण टोकाची वायर सोडून ठेवावी. सोडताना ऋण आधी, जोडताना धन आधी. पाना चुकून सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. पाणी घालण्याची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर, विहिरीचे कदापि नव्हे.

पुष्कळ माजी विद्यार्थी आज शहरांत दुचाकीवर घरोघरी माल पोहोचवून पोट भरतात. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एका दुकानदाराने आम्हाला वर्षभरात दोन बॅटऱ्या विकल्या. दोष मात्र रेग्युलेटरमध्ये होता. तेव्हा नवी घेण्यापूर्वी इंजिन थोडे वाढवून मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले तर गाडी चार्जिंग करते आहे. तेराच्या वर आकडा जातच नसेल तर आधी रेग्युलेटर आणि कॉइल तपासून घ्या. नाहीतर दोन-तीन दिवसांची मजुरी वाया जाईल.

जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो आणि नवीच्या किमतीतून काही रक्कम वजा करतो. ती घरी फोडून शिसे काढणारी माणसे आम्ही वस्तीत पाहिली आहेत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील, बॅटरी अखंडच दुकानात द्यावी.