छातीतला डाग

आमच्या कोकणात 'मेडिकल' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे औषधाचं दुकान. दुसरा अर्थ ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे, त्यांनाच पटकन कळतो. "त्याचं मेडिकल झालं का?" हा प्रश्न खेड, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात दहावीच्या निकालाच्या गांभीर्याने विचारला जातो. उत्तरं दोनच. फिट किंवा अनफिट.

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरात सध्या कुणाचा पासपोर्ट एजंटकडे पडून आहे, त्यांनी तरी पूर्ण वाचावी.

सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहारीन आणि अमिराती या सहा देशांची मिळून एक आरोग्य परिषद आहे, तिचं कार्यालय रियाधला. कामाच्या व्हिसासाठी तपासणी कशी करायची, कुठल्या केंद्रात करायची, कुणाला अनफिट ठरवायचं हे नियम ही परिषद करते. आपल्याकडे जुनी माणसं अजून 'गामका' म्हणतात, आता ऑनलाइन नाव 'वाफिद' झालंय. आमच्या पोरांची ही तपासणी मुंबईत होते. रात्रीची एसटी नाहीतर रेल्वे पकडायची, सकाळी उपाशीपोटी रांगेत उभं राहायचं. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे. एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गुप्तरोग, बायकांसाठी गर्भधारणेची चाचणी. आणि टीबी.

सगळ्यात जास्त पोरं ज्यात अडकताना मी पाहिली, तो हा शेवटचा शब्द.

आमच्या तालुक्यातला एक मुलगा आहे. नाव लिहीत नाही, त्याचं लग्न जमायचंय. आयटीआय केलेला, एसीचं काम उत्तम करतो. २०१९ मध्ये त्याला टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या घेतल्या, एकही दिवस चुकवला नाही. पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झालेत). बरा झाला. उपचार पूर्ण झाल्याचा कागद मिळाला, तो त्याच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डासोबत ठेवलाय. त्यानंतर पाच वर्षं त्याने आमच्या गावातल्या निम्म्या दुकानांचे एसी शिड्यांवर चढून दुरुस्त केले. गेल्या वर्षी कुवेतचं काम आलं. मुंबईला मेडिकलला गेला. अनफिट.

कारण काय? काउंटरवर सांगितलं, "छातीत डाग आहे." बस्स. फिल्म हातात दिली नाही, लेखी काही दिलं नाही, पुढे कुठे जा हेही सांगितलं नाही. निकाल पासपोर्ट नंबरवर ऑनलाइन चढला, म्हणजे एजंटला त्याच्याही आधी कळलं. मला म्हणाला, "दादा, टीबी बरा झाला ना माझा? सरकारनेच कागद दिलाय. मग हे आता कसलं?"

मी ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आपल्याकडे पावसात भिंतीला ओल येते. कौलं शाकारली, गळती थांबली, तरी भिंतीवरचा डाग राहतो की नाही? तसंच आहे. जखम भरली की फुप्फुसात व्रण राहतो, आणि एक्स-रेमध्ये तो आयुष्यभर दिसू शकतो. त्या माणसापासून कुणाला लागण होईल का, हे फक्त व्रण बघून कळत नाही. त्यासाठी थुंकी तपासावी लागते, जुन्या फिल्मशी नवी ताडून बघावी लागते.

आखाती परिषदेच्या नियमात मात्र ही भानगडच नाही. चालू टीबी असो की जुना, बरा झालेला असो. बारीक व्रण असो की चुना साठल्याचा ठिपका, अनफिट. थुंकीत काही निघालं नाही म्हणून सुटका नाही.

आता हाच डाग घेऊन इंग्लंडला जायचं असेल तर काय होतं ते बघा. पूर्वी तिकडे हीथ्रो आणि गॅटविक विमानतळांवर उतरल्यावर एक्स-रे काढायचे. २०१२ पासून त्यांनी हे काम आपल्यासारख्या देशांतच, निघण्याआधी करून घ्यायला सुरुवात केली. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर त्यांनी ठरवलेल्या केंद्रातच छातीचा एक्स-रे. स्वच्छ निघाला की प्रमाणपत्र, सहा महिने चालतं. शंका आली तर लागोपाठ तीन दिवस थुंकीचे नमुने घेतात आणि जंतू वाढतात का ते बघायला आठ आठवड्यांपर्यंत थांबवतात. नाही वाढले तर जा. वाढले तर उपचार घ्या, बरे व्हा आणि मग जा. कॅनडातसुद्धा जुना, शांत असलेला टीबी दिसला म्हणून दार बंद होत नाही. तिथे पोहोचल्यावर आरोग्य खात्याकडे हजेरी लावायची अट घालतात.

आमच्याच जिल्ह्यातली एक मुलगी याच मार्गाने एमएस्सीला गेली. तिच्याही एक्स-रेत सावली होती. दोन महिने घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता, सप्टेंबरचा प्रवेश जानेवारीवर गेला, पण गेली. वडील बँकेत, इंग्रजीत मेल लिहू शकणारे, हेही खरं. आणि इंग्लंडवाले फार कनवाळू आहेत असंही समजू नका. विद्यार्थ्याकडून वर्षाला ७७६ पौंड नुसता आरोग्य अधिभार घेतात. पण त्यांच्या नियमात 'तपासून बघू' एवढी जागा आहे, आणि त्या जागेवर त्या मुलीचं करिअर वाचलं.

फुप्फुस फुप्फुसच असतं. फी भरणारं विद्यार्थ्याचं असलं तर थुंकी तपासली जाते. घाम गाळणारं कामगाराचं असलं तर शिक्का मारून परत पाठवतात.

आपल्या देशात कुणाला घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तपासणी काही आजची नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या भीतीने मुंबईहून निघणाऱ्या हज यात्रेकरूंची वाट अडवली गेली होती, आणि त्याच वर्षीच्या साथरोग कायद्यात बंदरावर प्रवाशांना तपासायची तरतूद आली. जगातल्या टीबीच्या दर चार रुग्णांपैकी साधारण एक भारतात आहे, तेव्हा आपल्या माणसाकडे कुणी भिंग घेऊन बघितलं तर रागावून उपयोग नाही. लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत आठ-दहा जण झोपतात, तिथे एकाला चालू टीबी असेल तर बाकीच्यांचं काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. (एका खोलीत आठ-दहा जण कोण कोंबतं, हा प्रश्न त्या फॉर्मवर कुठेच नाही, ते सोडा.)

पण मग निदान नीट तपासा. आणि इथे आपल्या सरकारचा भाग सुरू होतो.

टीबीचं निदान झालं की सरकारला कळवणं आपल्याकडे २०१२ पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरला आणि लॅबलासुद्धा. पण 'अनफिट' हे निदान नाही. तो नुसता व्हिसाचा निकाल आहे. म्हणजे समजा, या मुलाऐवजी दुसरा कुणी असता, ज्याला खरोखरच आत्ता टीबी आहे, त्यालाही "छातीत डाग आहे" एवढंच ऐकवून बाहेर काढलं असतं, तर तो जनरलच्या डब्यात बसून, खोकत खोकत गावी आला असता आणि आमच्या जिल्हा क्षयरोग केंद्राला त्याचा पत्ताही लागला नसता. आपण गावोगाव घरी जाऊन रुग्ण शोधतो. आशाताई उन्हातान्हात फिरून थुंकीच्या डब्या वाटतात. आणि मुंबईत रोज एवढे एक्स-रे निघतात, त्यातल्या संशयिताची साधी चिठ्ठी जिल्ह्याला जात नाही. कुवेतच्या लोकांचं रक्षण झालं. मंडणगडच्या लोकांचं कुणी करायचं?

त्या मुलाच्या पैशाचं सांगतो. परवानाधारक एजंटने कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार आणि वर जीएसटी घ्यायचा असा केंद्राचा नियम आहे. तीस हजारांत कुणी आखातात पोहोचल्याचं मी आमच्या भागात तरी ऐकलेलं नाही. याने आगाऊ रक्कम भरली होती, त्यासाठी आईची पाटली पतपेढीत गेली होती. मेडिकल फेल झाल्यावर एजंट म्हणाला, "तुझ्या छातीला मी काय करू?" दहावीच्या आतल्यांना परदेशी कामाला जाताना सरकारची मंजुरी लागते, त्यांचा प्रवासी भारतीय विमा सक्तीचा असतो. हा पडला दहावी पास, आयटीआय. सरकारच्या लेखी सुशिक्षित, म्हणून संरक्षणाच्या बाहेर. आणि तो विमा असता तरी तिकडे गेल्यावर कुणी अनफिट ठरलं, कामावरून काढलं, तर पहिल्या वर्षात परतीच्या तिकिटाचे पैसे देतो. मुंबईतच अडकलेल्याला त्यात काही नाही.

मग दुसरा बाजार सुरू होतो. कुणी सांगतं, फुप्फुस धुवायचं काढं मिळतं, महिनाभर घे, डाग जातो. कुणी म्हणतं पासपोर्ट बदलून घे, कुणी म्हणतं अमक्या शहरातून मेडिकल कर, तिथे 'सेटिंग' होते. या मुलाने काढ्यावर सात हजार घालवले. डाग तिथेच आहे. तिकडे पोहोचल्यावर राहण्याच्या परवान्यासाठी पुन्हा तपासणी होते, हे त्याला सेटिंगवाल्याने सांगितलं नव्हतं. ते मी सांगितलं, म्हणून तो त्या वाटेला गेला नाही.

गावात बातमी मात्र पोहोचलीच. 'अनफिट' म्हटल्यावर लोक मनातल्या मनात बाकीचं लिहून टाकतात. एकाने तर एचआयव्हीपर्यंत नेलं. ज्या घरात स्थळाची बोलणी चालू होती, तिथून निरोप आला की पुढच्या वर्षी बघू.

आखातातल्या सहाही देशांशी भारताचे कामगारांबद्दलचे करार आहेत. त्या टेबलावर बसणाऱ्यांनी एवढंच मागावं की, जुना व्रण दिसला तर थुंकी तपासण्याची संधी द्या, इंग्लंड देतं तशी. रियाधने ऐकलं नाही तरी मुंबईत आपल्या हातात जे आहे ते करता येईल. अनफिटचं कारण लेखी द्यायला लावा, फिल्मची प्रत द्यायला लावा, आणि संशयित टीबी असेल तर त्याच्या जिल्ह्याला कळवायला लावा. केंद्रं आपल्या भूमीवर आहेत. हा विषय मी आमच्या आमदारांच्या कानावर घातलाय. ते म्हणाले, निवेदन द्या. निवेदन दिलंय.

तोपर्यंत जाणाऱ्यांना एवढंच सांगेन: एजंटला एक रुपया देण्याआधी आपल्या उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात छातीचा एक्स-रे काढून घ्या. पूर्वी टीबी झाला असेल तर तिथल्या डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा की फिल्मवर काही दिसतंय का. दिसत असेल तर पाटली घरातच राहू द्या. उपचाराचे कागद आणि जुन्या फिल्म फेकू नका. आखातात नाही, पण इतर देशांत त्यांचा उपयोग होतो. आणि ज्यांना नुकतंच अनफिट केलंय त्यांनी खोकला असो वा नसो, थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

ज्यांच्याकडे अशीच प्रकरणं आहेत त्यांनी मला इनबॉक्सला लिहा, निवेदनाला जोडायची आहेत. रिपोर्टचे फोटो कृपया कॉमेंटमध्ये टाकू नका, त्यावर पासपोर्ट नंबर असतो.