ब्रेक मारला की गाडी थरथरते : एक नोंद

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. पण आपल्यापैकी जे स्वतःचा माल स्वतः मुंबईत नेतात, त्यांच्यासाठी ही गोष्ट औषध-फवारणीएवढीच महत्त्वाची आहे.

२०१६ साली भाजीपाला आणि फळं बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आली, तेव्हापासून आम्ही थेट विक्रीकडे वळलो. ओतूरवरून रात्री दीडला निघायचं, माळशेज उतरायचा, मुरबाड, कल्याण, ठाणे करत मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत सकाळी भाजी पोचवायची. आठवड्याला तीन फेऱ्या. गाडी पुतण्या चालवतो. मागे टन-सव्वा टन टोमॅटो, समोर घाटाचं वळण आणि पावसाळ्यात धुकं. अशा गाडीच्या ब्रेकबद्दल "चालतंय तोवर चालू दे" म्हणून भागत नाही.

पुतण्या एक दिवस म्हणाला, "काका, मुरबाडच्या पुढं साठ-सत्तरवर ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात नाचतंय." मुलुंडच्या एका गॅरेजवाल्यानं गाडी न उचलता, चाक न काढता अंदाज सांगितला: दोन्ही डिस्क, पॅड, वर सस्पेन्शनचे बुश. सतरा-अठरा हजार. मी म्हटलं, बघून सांगतो.

आपण पीक पिवळं पडलं म्हणून लगेच युरिया टाकत नाही. आधी रोप उपटून मुळी बघतो, पाणी साचलंय का बघतो. गाडीलाही तीच रीत लावली.

पहिला प्रश्न, थरथर कधी होते? ब्रेक न लावताही ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल तर बहुतेक व्हील बॅलन्सिंग किंवा टायरचा दोष. आमची फक्त ब्रेक लावल्यावरच थरथरायची.

दुसरा प्रश्न, थरथर कुठं जाणवते? स्टिअरिंगमध्ये जाणवली तर पुढची चाकं. सीटखाली जाणवली तर मागचे ड्रम बघायचे. खात्रीसाठी पहाटे रिकाम्या रस्त्यावर तीसच्या वेगाला, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूहळू ओढला. आमच्या गाडीत तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. काहीच थरथर नाही. म्हणजे दुखणं पुढं. (निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की एबीएसवाल्या गाडीचं पेडल पायाखाली धडधडतं, तो दोष नव्हे.)

मग घाटकोपरला एका जुन्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी पहिलं विचारलं, "दादा, चाकं शेवटची कधी काढली?" दीड महिन्यापूर्वी टायर आलटून-पालटून घेतले होते, दुकानात हवेच्या गननं नट आवळलेले. मिस्त्रींनी पान्यानं नट सोडवायला घेतले. उजव्या चाकाचा एक नट हातानं सुटला, शेजारच्याला पाइप लावून जोर द्यावा लागला. "इथंच गोम आहे," म्हणाले.

डिस्कवर डायल गेज लावून ती हातानं फिरवली. डावीकडं काटा तीन शतांश मिलिमीटर हलला, उजवीकडं चौदा शतांश. साधारण पाच ते दहा शतांशापर्यंत चालतं, नेमकी मर्यादा कंपनीप्रमाणं बदलते. डिस्क काढली तर मागं हबवर गंजाची खपली. तारेच्या ब्रशनं आणि पॉलिश पेपरनं हब घासून डिस्क परत बसवली, तर काटा चारवर आला!

पण तेवढ्यानं काम संपलं नव्हतं. लोक म्हणतात डिस्क "वाकडी" झाली. बहुतेक वेळा ती वाकत नाही, तिची जाडी कमीजास्त होते. डिस्क तिरकी बसली की ब्रेक नसतानाही प्रत्येक फेऱ्याला तोच भाग पॅडला घासतो. हजारो किलोमीटरनंतर तो भाग झिजतो किंवा त्यावर पॅडचा थर चढतो. मग ब्रेक दाबल्यावर जाड-पातळ भागांवरून पॅड मागेपुढे होतात आणि तीच थरथर पेडल-स्टिअरिंगपर्यंत येते. दोन-तीन शतांशाचा फरकही पुरतो, केसाच्या जाडीहूनही कमी. मायक्रोमीटरनं आठ ठिकाणी मोजलं, फरक तेवढाच निघाला.

डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. आमची त्याहून बरीच जाड होती, म्हणून नवी घ्यायची गरज नव्हती. लेथवर दोन्ही डिस्क तासून घेतल्या, पॅड नवे टाकले. जोडीतली एकच तासायची नाही, नाहीतर गाडी एका बाजूला ओढू शकते. नट टॉर्क रेंचनं, समोरासमोरचे, दोन टप्प्यांत आवळले. बुशना हातही लावला नाही. सगळा खर्च पहिल्या अंदाजाच्या तिसऱ्या हिश्शातही बसला नाही.

नवे पॅड बसवल्यावर लगेच घाट नको. रिकाम्या रस्त्यावर, मागं कोणी नाही बघून, साठवरून वीसवर आठ-दहा वेळा हलक्या पायानं वेग कमी करायचा, मध्ये डिस्क गार होऊ द्यायची.

पुतण्याला लिहून दिलेले नियम:

१. घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये उतरायचा. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.
२. घाट उतरून थांबल्यावर ब्रेक दाबून धरायचा नाही. सपाट जागा, गाडी गिअरमध्ये, चाकाला दगड.
३. गरम डिस्कवर पाणी मारायचं नाही. गाडी धुवायची असेल तर अर्ध्या तासानं.
४. टायरवाल्याकडं गनचे नट चालणार नाहीत. शेवटची आवळणी टॉर्क रेंचनं, आपल्या समोर. आकडा गाडीच्या पुस्तकात आहे.
५. शंभर किलोमीटरनंतर नट परत तपासायचे.

त्यानंतर चौदा फेऱ्या झाल्या. स्टिअरिंग शांत आहे. पुढच्या सर्व्हिसला परत डायल गेज लावणार, तेव्हाचा आकडा इथं टाकेन.