थोरल्याने हरलेली कुस्ती

कोल्हापूर

चि. निनाद यास,

ताईचा फोन आला होता. कॉलेजच्या एकांकिकेत तुला थोरल्या भावाचं काम मिळालंय, टाळीची वाक्यं सगळी धाकट्याच्या वाट्याला गेलीत आणि शेवटी थोरला हरून विंगेत जातो, म्हणून तू काम सोडायच्या विचारात आहेस, असं समजलं. फोनवर बोलायला गेलो असतो तर तू 'हो मामा, हो मामा' करून ठेवून दिला असतास. म्हणून पत्र लिहितोय. लांबेल, पण सवडीने वाच.

सांगायचंय ते नाटकातलं नाही, कुस्तीतलं. तीही आपल्या खासबाग मैदानातली नव्हे. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली, २० मार्च १९९४ ची. डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीचा कार्यक्रम, नाव रेसलमेनिया टेन. तिकडे असे मोठे कार्यक्रम केबलवर आपसूक दिसत नसत. त्या एका रात्रीचे वेगळे पैसे भरले तरच घरच्या टीव्हीवर चित्र उमटायचं. त्यालाच पे-पर-व्ह्यू म्हणतात. आपल्याकडे जे यायचं ते उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी यायचं. पण डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते मात्र गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या खिशात असायचे. पत्त्यावर पैलवानाचा फोटो, खाली उंची, वजन, छाती, दंड. ज्याचा आकडा मोठा त्याने समोरच्याचा पत्ता खेचायचा. योकोझुनाचा पत्ता हातात आला की वजन पुकारायचं, बास. दुसऱ्याला मोठं करायची ताकद किती, याचा रकाना त्या पत्त्यावर नव्हता. आणि या धंद्यात खरी ताकद तीच असते, असं माझं ठाम मत आहे.

तू म्हणशील, ते सगळं ठरवून असतं. असतंच. आपल्या मैदानात नुरा कुस्ती झाली तर लोक दगड उचलतील, कारण तिथे निकालाचा शब्द दिलेला असतो. डब्ल्यूडब्ल्यूएफने तसा शब्दच मागे घेतला होता. १९८९ साली न्यू जर्सी राज्यात त्यांच्याच माणसांनी कायदेमंडळापुढे सांगितलं, की आमची कुस्ती ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. खेळांवरचे नियम आणि कर आम्हाला लावू नका. म्हणजे १९९४ साली गार्डनमध्ये जे अठरा हजारांवर लोक बसले होते त्यांना कुणी फसवलं नव्हतं. नाटकाला जाणाऱ्याला राजा मरणार हे ठाऊक असतंच की. तो कसा मरतो ते बघायला माणूस जातो.

तेव्हाची परिस्थिती थोडी सांगतो. कंपनीचा दहा वर्षांचा आधार, हल्क होगन, १९९३ मध्ये निघून गेला होता. मालक व्हिन्स मॅकमॅहनवर स्टिरॉइडच्या प्रकरणात खटला भरलेला. जुलै १९९४ मध्ये तो त्यातून सुटला, पण मार्चमध्ये टांगती तलवार होतीच. डोंगराएवढ्या देहांवर चाललेला धंदा एकदम अडचणीत आला आणि बेताच्या बांध्याच्या, पण कसलेल्या पैलवानांना पुढे यायला वाट मिळाली. ब्रेट हार्ट त्यांतला पहिला.

हार्ट म्हणजे कॅनडातल्या कॅल्गरीचं कुस्तीचं घराणं. वडील स्टू हार्ट स्वतः पैलवान आणि वस्ताद. घराच्या तळघरातच तालीम. तिला डंजन म्हणत, म्हणजे अंधारकोठडी. तिथे शिकायला आलेल्या भल्याभल्यांच्या किंकाळ्या वरच्या मजल्यावर ऐकू यायच्या असं सांगतात. बारा लेकरं. मुलगे कुस्तीत, चारही जावई पैलवान. ब्रेट आठवा आणि ओवेन शेंडेफळ. दोघांत जवळजवळ आठ वर्षांचं अंतर.

गोष्ट अशी रचली होती. नोव्हेंबर १९९३ मध्ये चार हार्ट भाऊ एका बाजूने लढले. तिघे टिकले, एकटा ओवेन बाद झाला, तोही ब्रेटशी धडक झाल्यामुळे. जानेवारीत दोघे भाऊ जोडीने लढत असताना ब्रेटचा गुडघा गेला, त्याने ओवेनला आत घेतलं नाही, पंचाने सामना थांबवला. आणि ओवेनने काय केलं? उभं राहायला धडपडणाऱ्या थोरल्याचा तोच दुखावलेला पाय लाथेने उडवला. त्याच रात्री पुढे रॉयल रंबलमध्ये, म्हणजे दोरांबाहेर पडेल तो बाद अशा अनेकांच्या लढतीत, शेवटी उरलेले ब्रेट आणि लेक्स लुगर एकाच वेळी दोरांबाहेर पडले आणि दोघेही विजयी ठरले. मग रेसलमेनियात एका रात्री दोघांनाही किताबधारक योकोझुनाशी लढायची संधी. नाणेफेक लुगरने जिंकली, तो आधी लढणार. ब्रेटला मात्र रात्रीच्या सुरुवातीला आणखी एक कुस्ती लढणं भाग. कुणाशी? सख्ख्या भावाशी.

ही पहिली कुस्ती तू नीट बघ. वीस मिनिटांची आहे.

दोघांच्याही अंगावर घराण्याचा गुलाबी-काळा रंग. ब्रेट नेहमीप्रमाणे आपला गॉगल कडेला बसलेल्या एका पोराच्या डोळ्यांवर चढवतो. घंटा होते. पहिल्याच झटापटीत ओवेन पकडीतून सुटतो आणि मैदान मारल्यासारखे हात वर करतो. काही घडलेलं नाही अजून! पण आयुष्यभर 'ब्रेटचा भाऊ' म्हणून ओळखल्या गेलेल्या माणसाला एवढंसं यशही पुरतं, हे त्या एका हालचालीत कळतं. मग डाव-प्रतिडाव. हात पिळला की गिरकी, गिरकीवर पाय, पायावरून मान. एकाच तालमीत शिकलेल्या दोघांना एकमेकांचे डाव आधीच ठाऊक असतात, तशी ती कुस्ती चालते. मधेच ओवेन थोरल्याच्या थोबाडीत मारतो. तिथून खेळ संपतो आणि भांडण सुरू होतं.

ब्रेटने नंतर सांगितलेली एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. ओवेन हवेत उड्या घेणारा पैलवान. त्याच्या कोलांट्या बघून लोक खूश व्हायचे. ब्रेटच्या लक्षात आलं, की ओवेनने हे सगळं केलं तर लोक त्यालाच टाळ्या देतील आणि गोष्ट मोडेल. म्हणून त्याने धाकट्याला सांगितलं, हे सगळं काढून टाक. ओवेनने आपले सर्वांत देखणे डाव बाजूला ठेवले आणि त्या रात्री तो फक्त कुढणारा, टोचणारा, दुखऱ्या गुडघ्यावर तुटून पडणारा भाऊ झाला. आपलं हुकमी पान न खेळणं किती अवघड असतं, ते रंगमंचावर उभं राहणाऱ्याला मी काय सांगावं?

आणि शेवट. ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढतो आणि पुढे गिरकी घेऊन त्याला चीत करायला जातो. ओवेन ती गिरकी पुरी होऊच देत नाही. मधेच खाली बसतो आणि थोरल्याचे पाय आवळून धरतो. एक, दोन, तीन. कुठली लबाडी नाही, पंचाची चूक नाही, दोराचा आधार नाही. धाकटा स्वच्छ जिंकला. ब्रेट रिंगमध्येच बसून राहतो. जे झालं त्यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि त्याचा बसत नाही म्हणून आपला बसतो.

इथे थोडा थांब. ब्रेट त्या कंपनीचा पहिल्या फळीतला माणूस. गुडघ्याची सबब मोठी करता आली असती, ओवेनला एखादी लांडी लबाडी करून जिंकू देता आलं असतं; ब्रेटची इभ्रत राहिली असती आणि ओवेन होता तिथेच राहिला असता. तसं झालं नाही. ब्रेट पूर्ण हरला, म्हणून ओवेन एका रात्रीत मोठा झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिकागोला पिंजऱ्यातल्या लढतीत दोघे किताबासाठी समोरासमोर आले, ते या विसाव्या मिनिटामुळे. ब्रेटला हे नवं नव्हतं. १९९२ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, कंपनीने ऐंशी हजारांवर सांगितलेल्या गर्दीसमोर, तो आपला मेहुणा डेव्ही बॉय स्मिथ याच्याकडून असाच हरला होता. जावयाच्या देशात जावयाला जिंकवलं. दोन्हीकडे कुस्ती चालवली हरणाऱ्याने.

मधल्या लढतींबद्दल मी फारसं लिहीत नाही. बऱ्याच आज बघवत नाहीत. लुगर आणि योकोझुनाची तर रटाळच.

पण शिडीचा सामना सोडून चालणार नाही. रेझर रेमन विरुद्ध शॉन मायकल्स. शॉनकडून इंटरकॉन्टिनेंटल किताब काढून घेतला होता, पण जुना बेल्ट त्याच्याचकडे होता. मोकळा झालेला किताब रेझरने जिंकला होता. दोघेही स्वतःला खरा विजेता म्हणवत होते. मग दोन्ही बेल्ट रिंगच्या वर टांगले आणि खाली एक शिडी ठेवली. जो चढून काढेल त्याचे. ही शिडीची कल्पना मूळ कॅल्गरीच्या हार्टांच्या मुलखातली. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये ती ब्रेटने आणली आणि १९९२ मध्ये शॉनशीच तसा सामना खेळला. त्या रात्री मात्र शिडी रेझर आणि शॉनच्या हाती होती.

बांधकामावर असते तशी साधी शिडी रे. शॉन तिच्यावरून खाली झोकून देतो, तिच्यावर आपटतो, तिच्यासकट पडतो. प्रत्येक वेळी लोकांचा श्वास अडकतो तो त्याच्या पडण्याने. अखेर रेझर त्याला शिडीवरून पाडतो, शॉनचा पाय दोरांत गुरफटतो, आणि तो सोडवून घेईपर्यंत रेझर वर चढून दोन्ही बेल्ट काढतो. रेझर जिंकला. त्या रात्रीचं म्हणून जे छायाचित्र सगळीकडे छापतात, ते मात्र शॉनचं आहे, शिडीवरून झेपावतानाचं. हा सामना इतका लांबला की पुढची दहा जणांची एक लढतच कार्यक्रमातून गाळावी लागली. बहुतेक लोक यालाच त्या रात्रीचा सर्वोत्तम सामना मानतात. मी मानत नाही. शिडीमागे शिड्या आल्या, आणखी उंच आल्या, टेबलं आली, खुर्च्या आल्या. तो चमत्कार पुढे अनेकांनी वाढवत नेला. भावांच्या कुस्तीत वाढवण्यासारखं काही शिल्लकच नव्हतं.

शेवटची कुस्ती ब्रेट आणि योकोझुनाची. योकोझुना जपानी सुमो म्हणून मिरवला जायचा. माणूस सामोआ वंशाचा, अमेरिकेतला, खरं नाव रॉडनी अनोआई. वजन पाचशे पौंडांच्या वर. पंच म्हणून रॉडी पायपर. आणि ब्रेट येतो तो लंगडत. कार्यक्रमाच्या सुरुवातीला दुखावलेला गुडघा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही. कॅमेरा असो नसो, पाय टेकताना तो त्याच बाजूला झुकतो. कुस्ती तशी छोटी. योकोझुना कोपऱ्यातल्या दोरावर चढतो, ब्रेटच्या छातीवर बसकण मारायला. तोल जातो, पाठीवर आडवा होतो आणि ब्रेट त्याचा पाय उचलून दाबून धरतो. किताब ब्रेटचा.

सगळे पैलवान रिंगमध्ये येतात, त्याला खांद्यावर घेतात. आणि तेवढ्यात वाटेवर ओवेन येऊन उभा राहतो. बोलत नाही, हाणामारी करत नाही. नुसता बघतो. माझ्याकडून हरलेला माणूस विजेता कसा, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर आहे आणि तो प्रश्न बिनतोड आहे. किताब ब्रेटच्या हातात, पण रात्र ओवेनकडे. ब्रेट कार्यक्रमाच्या आरंभी तसा हरला नसता, तर या नजरेला काही किंमत नसती.

पुढे काय झालं तेही तुला ठाऊक असावं. हरायला तयार असलेल्या माणसाचा विश्वास मोडला की काय होतं, ते ९ नोव्हेंबर १९९७ ला मॉन्ट्रियलमध्ये दिसलं. ब्रेट कंपनी सोडून चालला होता. समोर तोच शॉन मायकल्स. ठरलं होतं एक आणि मॅकमॅहनने ब्रेटला न सांगता घंटा वाजवायला लावली. ब्रेटने शरणागती दिलेलीच नव्हती. पंचवीसहून अधिक वर्षं लोटली तरी कुस्तीवाले त्यावर बोलतात, कारण तिथे हार दिली गेली नव्हती, काढून घेतली होती.

आणि ओवेन. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत त्याला छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवायचं होतं. बांधलेलं कडं सुटलं, तो सत्तर फुटांहून जास्त उंचीवरून पडला आणि गेला. चौतीस वर्षांचा होता. त्या रात्रीचा कार्यक्रम त्याच्यानंतरही चालू ठेवला गेला. ते मला आजही अक्षम्य वाटतं. पडद्यावर थोरल्याचा द्वेष करणारा हा माणूस पडद्यामागे सगळ्यांची थट्टामस्करी करणारा, घराकडे ओढ असलेला होता, असं त्याच्याबरोबर काम केलेले सगळे सांगतात.

ओवेनला कंपनीचा मुख्य किताब कधीच मिळाला नाही. त्याचं नाव आज घेतलं जातं ते २० मार्च १९९४ च्या त्या विजयामुळे, आणि तो विजय त्याला थोरल्या भावाने मिळवून दिला.

तेव्हा काम सोडू नकोस. धाकट्याचं काम करणाऱ्या मुलाला घेऊन बस, त्याची टाळी कुठे पडायला हवी ते त्याला विचार, आणि मग तू कसा हरतोस ते ठरव. प्रयोगाची तारीख कळव, मी आणि तुझी मामी येतो.

ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझा,
मामा